पडद्यावर अप्पांचं नाव

मला सिनेमातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कॅमेरा कुठं ठेवतात, दिग्दर्शक नेमकं काय करतो, हे मला विचारू नये. पण उभा जन्म पिक्चर बघत आले, तेव्हा बघणाऱ्याला जेवढा बोलायचा हक्क असतो तेवढं मी बोलणारच. आताचे पिक्चर अंधारात काढतात. कोण कुणाला मारतंय ते दिसत नाही. बोलतात ते तोंडातल्या तोंडात, आणि ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला की एकदम बंदुका सुटतात आणि शेजारीण भिंत वाजवते. खेड्यातले म्हणून जे पिक्चर काढतात त्यातली माणसं सगळी कोल्हापूर-साताऱ्याकडचं बोलतात. आमच्या लातूर-नांदेडचं माणूस पडद्यावर आलंच तर टँकरमागं घागर घेऊन पळण्यापुरतं. जुने पिक्चर तरी कुठले शहाणे? नायिका भाजी निवडायलासुद्धा ठेवणीतलं नेसून बसायची. आणि मरायची वेळ आली की तिला बोलायला इतका वेळ मिळायचा की बघणाऱ्याचा पाय आखडावा. याचा हात त्याच्या हातात द्यायची, सगळ्यांची माफी मागायची, मग मान टाकायची, कपाळावरचं कुंकू जागच्या जागी. आणि ज्याची वाट बघत असायची तो दारातून धावत आत यायचाच. बाकी सगळं मी चालवून घेतलं, पण हे कधी सहन झालं नाही. नव्या पिक्चरमधलं माणूस न बोलता मरतं, आणि येणारा उशिरा येतो. तेवढं एक त्यांचं मला पटतं. नातवंडं म्हणतात, आज्जीला कुठलाच पिक्चर आवडत नाही. खरं आहे. पण एकही सोडत नाही, हेही खरं आहे.

हा नाद अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील, सिद्धाप्पा. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचं घर, पुढच्या खोलीत कापडाचं दुकान आणि मागं आम्ही. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला म्हणून विचारलं तर मी सांगेन, कापड फाडल्याचा. अप्पा कात्रीनं नुसता चिरा द्यायचे आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचे, सरळ रेषेत, आणि तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आवाज आला की अव्वा, माझी आई, चुलीसमोर बसूनच म्हणायची, झालं एक गिऱ्हाईक. अव्वाची लिंगपूजा झाल्याशिवाय चूल पेटत नसे. पूजा झाली की कपाळभर विभूती लावून ती भाकरीला बसायची, आणि सणावाराला हुग्गी शिजली की गव्हाचा आणि गुळाचा वास कापडाच्या गठ्ठ्यांनासुद्धा लागायचा. गिऱ्हाईक दुकानात उभं राहूनच विचारायचं, आज काय विशेष हाय, अप्पा? मग त्यालाही वाटीभर जायची. रेणापूरच्या आणि औशाच्या बाजाराला गठ्ठे न्यायला अप्पांनी एक जुनी जीप घेतली होती. ती त्यांच्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हती, आणि तिची किल्ली कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात.

त्या दिवसांत अक्का घरी होती. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, शिवकांता. औशाला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पिक्चरचा नाद अप्पांचा म्हटलं, पण अप्पांहून जास्त तो अक्काला. पोट पुढं आल्यावर मात्र अव्वानं तिला टॉकीजची पायरी चढू दिली नाही. गर्दीत धक्का लागतो, कुणाची नजर लागते, काय काय. मग आमचं असं ठरलं की मी बघून यायचं आणि अक्काला सांगायचं. नुसती गोष्ट नव्हे. गाण्यांसकट, कुणी कुठल्या रंगाचं नेसलं होतं त्यासकट. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची, ताटलीत सुशीला घेऊन. मुरमुऱ्याचा सुशीला तिला त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ लागायचा, वरून दाण्याचं कूट भरपूर. खाता खाता ऐकायची. मी मध्येच अडखळले, आठवायला थांबले, की तिचा हात ताटलीतच थांबायचा आणि ती म्हणायची, "मग? पुढं काय झालं?" तिच्याइतकं ऐकणारं माणूस मला नंतर आयुष्यात मिळालं नाही. नवरा मिळाला, पण तो दोन वाक्यांत पेपर उघडायचा.

आता त्या स्लाइडबद्दल सांगायला पाहिजे, कारण आजच्या पोरांना ती माहीत नाही. तेव्हा फोन कुठले! टॉकीजमध्ये बसलेल्या माणसाला काही खबर द्यायची तर दाराशी येऊन नाव सांगायचं. मग मशीनवाला काचेच्या पट्टीवर जांभळ्या शाईनं ते नाव लिहायचा आणि पिक्चर चालू असतानाच पडद्यावर टाकायचा. मागं हिरोइन गात असायची आणि तिच्या तोंडावर अक्षरं थरथरायची, अमुक अमुक यांना बाहेर बोलावले आहे. कुणाचं गावाकडचं माणूस गेलेलं असायचं, कुणाचा ट्रक आलेला असायचा. पण कापड गल्लीतल्या दुकानदारांनी याचा खेळ करून टाकला होता. एकमेकांच्या नावाची स्लाइड टाकायला लावायची, ऐन रंगात आलेल्या सीनला. जो उठून बाहेर गेला तो फसला. इंटरव्हलचा चहा त्यानं पाजायचा. जो उठला नाही त्याला पाठवणाऱ्यानं पाजायचा. या सगळ्यात पुढं नागप्पाकाका, भांड्यांचं दुकान होतं त्यांचं, अप्पांचे अगदी जिवाभावाचे. मागं एकदा त्यांनी "दुकानाला आग" अशी स्लाइड टाकायला लावली, आणि अप्पा अनवाणी गंजगोलाईपर्यंत पळत आले होते. महिनाभर गल्ली हसत होती. बाया पाणी भरताना हसत होत्या. त्या दिवसापासून अप्पांनी शपथच घेतली होती, मरेन पण स्लाइड बघून उठणार नाही.

त्या दिवशी दुकान बंद होतं आणि टॉकीजला नवा पिक्चर लागला होता, विनोदी. अक्काचे दिवस अजून भरायचे होते असं सगळे म्हणत होते, आणि तिनंच मला ढकलून पाठवलं. नीट बघ, गाणी इसरू नको, आणि येताना टॉकीजवरचे फुटाणे आण, इतकं बजावलं. फुटाणे गल्लीतही मिळत होते, पण तिला तेच पाहिजे होते. पिक्चरचं नाव मी इथं लिहिणार नाही. अप्पा, नागप्पाकाका आणि गल्लीतले आणखी दोघे-तिघे पुरुषांच्या बाजूला बसले. मी आणि माझी काकू बायकांच्या बाजूला, मधे कमरेइतकी भिंत आणि वर पडदा. अप्पा दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. अप्पांचं हसणं असं होतं की आधी घशात खर्रकन व्हायचं आणि मग फुटायचं. हॉलमध्ये पाचशे माणसं हसली तरी मला ते वेगळं ओळखू यायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

पडद्यावर हिरोचा मामा खोटी मिशी लावून मुलगी बघायला गेला होता. पुढ्यात खिरीची वाटी. तो खाली वाकला आणि मिशी खिरीत पडली. सगळा हॉल फुटला, आणि त्याच वेळेला मामाच्या तोंडावर जांभळी अक्षरं आली, सिद्धाप्पा कापडवाले यांनी ताबडतोब घरी यावे. शिट्ट्या पडल्या. पलीकडून कुणीतरी ओरडलं, अप्पा, चप्पल घालून जावा बरं का! आणि अप्पांचं ते खर्रकन हसणं मला ऐकू आलं. नागप्पाकाका म्हणत होते, "सिद्धाप्पा, गुरूची आण, या बारीला मी न्हाई." यावर तर जास्तच हशा झाला, कारण नागप्पाकाका दर वेळी हेच म्हणायचे. अप्पा म्हणाले, "हाव, हाव. चहा सांगून ठेव." मी काकूकडं बघितलं. काकू म्हणाली, चावटपणा हाय मेल्यांचा, तू बघ समोर. थोड्या वेळानं तीच अक्षरं परत आली. या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मामानं वाटीतनं मिशी काढून, चाटून, परत लावली.

घरी काय झालं होतं ते नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. आम्ही निघालो आणि मागं अक्काला कळा सुरू झाल्या, आणि कळांबरोबर रक्त. सुईण आली, तिनं बघितलं आणि अव्वाला बाजूला घेऊन सांगितलं, हे माझ्या हातचं न्हाई, मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ता. अव्वा हादरली. जीप दारात नव्हती, ती टॉकीजवर उभी होती. आणि दवाखान्यात नेऊन पोट फाडायचं तर लेक औशाच्या घरची, पुरुषमाणसाला विचारल्याशिवाय कसं न्यायचं, हे तिच्या डोक्यात. शेजारचे रहीमचाचा शिवणकाम करायचे, आमच्याच दुकानाचे कपडे शिवायचे. ते मशीनवरनं उठले आणि सायकल घेऊन टॉकीजवर गेले. डोअरकीपरनं त्यांना आत सोडलं नाही. या कापडवाल्यांचं रोजचंच आहे म्हणाला, नाव सांगा, टाकतो. रहीमचाचांनी नाव सांगितलं. काय काम म्हणून त्यानं विचारलं, तर घरी बोलावलंय एवढंच सांगितलं. वाट बघितली. परत एकदा टाकायला लावली. कुणी बाहेर आलं नाही, तेव्हा ते टांगा शोधायला गेले.

इंटरव्हलला अप्पा हसत बाहेर आले. मी मधल्या भिंतीच्या कडेनं पळत त्यांच्याकडं गेले, फुटाण्यांना पैसे मागायला. ते डोअरकीपरला विचारत होते, कोण आलं होतं रे, आज कुणाचा चहा? तो म्हणाला, सायकलवाला होता, दाढीवाला, टेलर असल्यावानी. गळ्यात मापाची टेप तशीच होती. अप्पांचं तोंड कसं झालं ते मला सांगता येत नाही. पडद्यावर असे चेहरे लई बघितले, जुन्यात आणि नव्यात, नामी नटांचे. तसा एकालाही जमला नाही. त्यांनी माझा हात धरला नाही, जीपकडं पळाले. मी आणि काकू मागं कशातरी चढलो. घराला कडी होती. सुईण ओट्यावर बसली होती, तिनं नुसता हात करून दवाखान्याची दिशा दाखवली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अव्वा भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर अप्पांच्याच दुकानातल्या मांजरपाटात गुंडाळलेलं एक लालबुंद पोर होतं, मुलगी. ऊन अजून होतं. कुठं तरी नळ वाहत होता. अप्पांनी विचारलं, अक्का? अव्वानं वर बघितलं नाही. आतून डॉक्टर आले, तरुण होते, कोपरापर्यंत ओले. ते अप्पांना म्हणाले, "लवकर आणायला पाहिजे होतं." एवढंच. पिक्चरमधल्या डॉक्टरासारखं चष्मा काढणं नाही, खांद्यावर हात नाही. पुढच्या पेशंटकडं गेले. खांबापाशी रहीमचाचा उभे होते, टेप अजून गळ्यातच. अप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, लेकीचं हाय एवढं तरी लिवायला सांगायचं होतं, रहीमभाई. रहीमचाचा रडायला लागले. म्हणाले, "इत्ते मर्दां बैठे थे अप्पा. बेटी की बात परदे पो कैसे लिखवाता मैं?" त्यांच्या जागी अप्पा असते तर त्यांनीही लिहायला सांगितलं नसतं. अख्ख्या लातूरात कुणी सांगितलं नसतं.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. अक्काला बसवली होती, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की आता ही डोळे उघडेल आणि म्हणेल, सांग. आणि मला अर्धाच पिक्चर माहीत होता. नागप्पाकाका तिसऱ्या दिवशी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, त्या दिवशी मी खरं बोललो होतो. अप्पा म्हणाले, माहीत हाय. त्यानंतर दोघांनी कधी एकत्र चहा घेतला नाही. औशाची माणसं पोर बघून गेली, परत आली नाहीत. तिचं नाव अव्वानं ठेवलं, गौरी, आणि आम्हीच वाढवली.

लोकांना वाटलं अप्पा आता टॉकीजचं तोंड बघणार नाहीत. पण ते जातच राहिले, आणि गल्लीनं त्यांना त्यावरून लई नावं ठेवली. एकटे जायचे, दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसायचे. पडद्यावर कुणाच्याही नावाची स्लाइड आली, कुणाच्याही, की अप्पा उठायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे. ज्याचं नाव आलं तो माणूस बाहेर पडला की मगच परत येऊन बसायचे. नाही पडला तर आत वळून मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचे. लोक शिव्या द्यायचे, खाली बसा म्हणायचे. पुढं स्लाइड बंद झाल्या, टॉकीजचं गोडाऊन झालं. अप्पांचं ते उठणं ऐकून माझ्या सासरच्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला मात्र राग यायचा. आता उठून काय उपयोग, असं वाटायचं. ते हसणं माझ्या कानातून गेलं नव्हतं, आणि त्या हसण्याबद्दल मी त्यांना माफ केलं नव्हतं. त्यांनी मात्र कधी लपवलं नाही. गौरी विचारती झाली तेव्हा त्यांनीच तिला समोर बसवून सांगितलं, तुझी आई गेली तवा मी पिक्चर बघत होतो. कुठला ते तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

शेवटचं वर्षभर अप्पा माझ्याकडं नांदेडला होते. अव्वा गेली होती. दुपारी टीव्हीसमोर खाटेवर पडून असायचे, काय लागलंय त्याकडं फारसं लक्ष नसायचं. मी शेजारी बसून शेंगा फोडायची. एक दिवस एकदम म्हणाले, "सुमे, त्या पिक्चरचं पुढं काय झालं गं?" कुठल्या, हे विचारायची गरज नव्हती. मी म्हणाले, न्हाई माहीत अप्पा. आपण कुठं बघितला. ते म्हणाले, हाव. आणि कूस बदलली. मला त्यांचा इतका राग आला की मी उठून आत गेले. कसला प्रश्न हा, असं वाटलं. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

गेल्या महिन्यात गौरी आली होती, राहायला. तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत, गुडघा दुखतो, अक्काचं वय तर तिनं कधीच मागं टाकलंय. दुपारी जेवणं झाली, पंख्याखाली दोघी लोळलो, आणि ती मोबाइल उशीला टेकवून म्हणाली, मावशी, जुना पिक्चर लावू का एखादा, फुकट असतात सगळे. तिनं एक लावला. नावं यायला लागली, वाजायला लागलं, आणि मी उठून बसले, तोच पिक्चर होता. बंद कर म्हणायला तोंड उघडलं होतं. पण काय सांगायचं? आणि ती तर पाठीला उशी घेऊन, पाय लांब करून बसली होती, ताटलीत सुशीला घेऊन, कारण सकाळचा उरला होता.

पिक्चर भिकार होता. हे मी रागानं म्हणत नाही, बघणारी म्हणून म्हणते. गाणी उगाच, हिरो लाकडी, रंग उडालेले. इतक्या वर्षांत तो माझ्या डोक्यात केवढा मोठा झाला होता, आणि निघाला हा असा, कुणी उठून गेलं असतं तर काही बिघडलं नसतं असा. मग मामा आला, खोटी मिशी लावून. पुढ्यात खिरीची वाटी आली. मी पडद्याकडं बघत नव्हते, गौरीकडं बघत होते. मामा वाकला, मिशी पडली, आणि गौरी हसली. आधी घशात खर्रकन झालं आणि मग फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, ताटली हलली, मुरमुरे गादीवर सांडले. पडद्यावर कुठली अक्षरं आली नाहीत. मामानं मिशी चाटून परत लावली, आणि मला कळायच्या आत मीही हसले.

गौरीनं डोळे पुसले. म्हणाली, तू बघितलाय का गं हा? मी म्हणाले, बघितलाय, लहानपणी.

"मग पुढं काय होतं?"

"न्हाई माहीत," मी म्हणाले. "बघ तू."